मटण सोडाल, दावा कधी सोडणार?

बसा सगळे. मागचे पुढं या. इतक्या खुर्च्या रिकाम्या असताना तुम्ही दाराशी उभे राहता, म्हणजे बाई लांबवायला लागल्या की सटकायला बरं. संडे स्कूलमध्ये होतात तेव्हाही हेच करायचात. आता केस पिकले, कुणाच्या दारात ट्रॅक्टर आला, कुणी निपाणीत फ्लॅट घेतला, पण खोड काही गेली नाही. पाळकसाहेबांनी मला लेंथकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, तयारीवर चार शब्द बोलायला सांगितलंय. माझे चार शब्द चारावर थांबत नाहीत हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी सांगितलं, म्हणजे काही गोष्टी तुमच्या कानावर जायला हव्यात आणि त्या स्वतः बोलायची त्यांची सोय नाही. त्यांना पुढच्या वर्षीही याच मंडळीत राहायचंय. मला कुणाची भीड नाही. तुमच्यातल्या निम्म्यांची नाकं मी पुसलीत.

आज १५ फेब्रुवारी २०२६. बुधवारी, १८ तारखेला, भस्म बुधवार. ५ एप्रिलला ईस्टर. मधले दिवस ४६, त्यातले ६ रविवार वगळले की ४०. एवढा हिशेब तुम्हांला येतो. पुढचा येत नाही, म्हणून मी उभी आहे.

बाहेर आज महाशिवरात्र आहे. गावातल्या शंकरलिंगाच्या देवळात दर्शनाला गर्दी. याच आठवड्यात रमजान लागतोय. पोती उचलणारा हमाल दिवसभर पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही आणि त्याचा फोटोही कुठं टाकणार नाही. आणि आपल्या ग्रुपवर गेले आठ दिवस काय चाललंय? लेंथमध्ये मासे चालतात का. अंडं शाकाहारी धरायचं का. घरसभेला उप्पीट करायचं की पोहे. मंगळवारी रात्री शेवटचं म्हणून कुणाकडं किती किलो मटण. एकानं तर विचारलं, रविवार चाळीसात धरत नाहीत, मग रविवारी कोंबडी चालेल ना? अरे, कायद्यातली पळवाट शोधायला वकील ठेवतात, तसा तुम्ही देवाच्या दारात वकील उभा केलात!

आजरा-गडहिंग्लजकडच्या आपल्या कॅथलिक भाऊबंदांचा नियम ऐका. १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठी लागेपर्यंत उपास बंधनकारक, तोही दोनच दिवस: भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार. एक वेळ पोटभर जेवण. शिवाय भस्म बुधवारी आणि लेंथमधल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. संपला नियम. चाळीस दिवसांत पोटाला याहून जास्त कुणी मागत नाही. जे मागितलंय ते पोटापासून वर आहे, छातीत. तिथं हात घालायला तुम्ही तयार नाही, म्हणून ताटावर एवढी चर्चा.

आता वही काढा. नसेल तर मनात मांडा. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय, निर्दय चाकराची गोष्ट. तुम्हांला ती पाठ आहे, नाटुकल्यात तुम्ही ती केलीसुद्धा आहे. पण गणित कुणी केलं नाही. चाकराचं राजाकडं देणं दहा हजार तालंत. एक तालंत म्हणजे सहा हजार दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची हजेरी. गुणा. सहा कोटी दिवसांची मजुरी. आजची हजेरी ५०० रुपये धरली, तर ३,००० कोटी रुपये. वर्षाचे ३०० दिवस कामाला गेला, तर फेडायला दोन लाख वर्षं. आणि त्याच्या सोबत्याकडून त्याला येणं होतं शंभर दिनार. शंभर दिवसांची मजुरी, ५० हजार रुपये.

इथं थांबा. आजवर तुम्हांला असं शिकवलं गेलं की ते शंभर दिनार म्हणजे चिल्लर होती, चाकर मूर्ख, चिल्लरीसाठी भांडला. चिल्लर नव्हती. ५० हजार रुपये बुडाले तर तुमच्यातल्या कुणालाही झोप लागणार नाही. सोडून द्यायला ती रक्कम जड होती. दयेला किंमत पडते आणि ती आपल्या खिशातून जाते, हे ज्याला कबूल नाही त्यानं दयेचं नाव घेऊ नये.

दुसरी गोष्ट तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. चाकर राजाच्या पाया पडला तेव्हा त्यानं काय मागितलं? माफी? नाही. मुदत. थोडं थांबा, सगळं फेडतो, म्हणाला. दोन लाख वर्षांचं देणं आणि हा म्हणतोय फेडतो! राजाला त्याची कीव आली. मुदत न देता त्यानं अख्खं देणंच रद्द केलं. पण चाकराच्या डोक्यात मुदतच राहिली. बाहेर पडताना त्याला वाटत होतं, चला, आता गोळा करायला लागू. म्हणून त्यानं पहिला सोबती दिसताच त्याची नरडी धरली.

तुमचा लेंथ हा असा आहे. सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर नवंजुनं करून घेता ना, तसा तुम्ही देवाकडं दरसाल हप्ता भरायला येता. चाळीस दिवस मटण सोडलं, सहा घरसभा केल्या, शुभ शुक्रवारी तीन तास बसलो, चला, यंदाची थकबाकी मिटली. आणि ज्याला वाटतं आपण आपलं देणं रोखीनं फेडलंय, तो दुसऱ्याला एक पैसा सोडत नाही. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. मी भरलं, तूही भर. ज्याला पक्कं कळलं की आपल्याला फुकट सोडलंय, त्याचाच हात दुसऱ्याच्या नरडीकडं जात नाही. दैवी दया म्हणजे काय, हे कळल्याची दुसरी कुठलीही खूण नाही. डोळ्यांत पाणी आलं ही खूण नाही. गाणं म्हणताना गळा दाटला ही नाही. समोरच्याची नरडी सुटली का, एवढंच बघायचं.

बघू या आता तुमच्या मुठीत कुणाकुणाची नरडी आहे.

पहिली बहिणीची. मान खाली घालू नका, वर बघा. १९२५ चा भारतीय वारसा कायदा आपल्याला लागू आहे. मृत्युपत्र न करता बाप गेला तर विधवेला तिसरा हिस्सा आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे. शेजारपाजारच्या बायकांना २००५ पर्यंत झगडावं लागलं, ते आपल्याकडं शंभर वर्षांपासून कागदावर आहे. आणि आपण काय करतो? बाप मातीआड जाऊन महिना होत नाही तोवर बहिणीला बोलावतो, जेवू घालतो, साडी नेसवतो आणि हुक्केरीच्या नोंदणी कचेरीत नेऊन हक्कसोडीवर तिची सही घेतो. उताऱ्यावरून तिचं नाव कमी झालं की हाच भाऊ पुढच्या रविवारी साक्ष देतो, देवानं आमच्या घरावर मोठी कृपा केली. कसली कृपा रे? ती बहीण तुला काही बोलली नाही. माहेरचा उंबरा तुटेल म्हणून गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याला तू संमती म्हणतोस!

दुसरी, कामाला येणाऱ्या माणसांची. यशया भविष्यवादी अठ्ठावन्नाव्या अध्यायात हेच सांगून दमला. लोक देवाकडं तक्रार करत होते, आम्ही उपास करतो तो तुला दिसत कसा नाही? उत्तर आलं, दिसतो, आणि त्याच दिवशी तुम्ही मजुरांना पिळता तेही दिसतं. लेंथ आपल्याकडं कुठल्या दिवसांत येतो? कारखान्याचं गाळप चालू असतं, मिरचीचा बाजार भरात असतो. संकेश्वरी मिरची म्हणून मुंबई-पुण्याचे लोक कौतुकानं नेतात. तिची देठं खुडणारी बाई संध्याकाळी घरी जाते तेव्हा तिची बोटं पेटलेली असतात. रात्री तेल चोळते तरी आग थांबत नाही, आणि त्याच हातानं तान्ह्याला घ्यायचं असतं, तर डोळ्याला बोट लागेल म्हणून ती पदर गुंडाळून घेते. तिची हजेरी तुम्ही शनिवारऐवजी पुढच्या शनिवारी देता. वीस रुपये सुटे नाहीत म्हणता. तुमच्या फोनवर चहावाल्याला पाच रुपये जातात, तिचे वीस रुपयेच कसे अडतात?

निपाणीच्या बिडी कामगार बायकांना 'छाट' काय असतं ते विचारा. दिवसभर मान मोडून वळलेल्या बिड्यांतून मोजणारा मूठभर बाजूला काढतो. ही बारीक, ही सैल. त्या मुठीचे पैसे नाहीत. छाट काढणारा मोजणारा आपल्यातला नसेलही. पण दुसऱ्याच्या कष्टातली छाट काढायची सवय आपल्या घराघरांत आहे. धुणीभांड्याच्या बाईचे खाडे आपण कॅलेंडरवर लाल शाईनं लिहितो आणि आपल्या पापांचं कॅलेंडर देवानं कोरं ठेवावं म्हणतो.

ट्रॅक्टरवाले गालात हसताहेत. तुमचं दुखणं मला माहीत आहे. ऊसतोडीच्या टोळीला लाखांची उचल दिली, मुकादमानं हात वर केले, निम्मी टोळी रातोरात पळाली. तुमचे पैसे बुडाले हे खरं आहे आणि मी त्याला चिल्लर म्हणणार नाही. लेखी कागद असेल तर कोर्टात जा, माझी ना नाही. पण उचल फिटेपर्यंत माणसं डांबून ठेवल्याच्या, बायकापोरांना ओलीस धरल्याच्या बातम्या आपण वाचतो. असल्या कामाला ज्यानं आपली गाडी दिली, आपलं शेड दिलं किंवा नुसती मूक मान डोलावली, त्यानं मत्तय अठरा पुन्हा वाचावा. नरडी धरणारा चाकर दुसरा कोण होता?

तिसरी नरडी आपल्याच भावकीची. या मंडळीत अशी घरं आहेत की एक उजव्या बाजूला बसतं आणि दुसरं डाव्या बाजूला, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी मधली चटई रिकामी राहते. कशावरून? बांधावरून. लग्नात आहेर परत केला त्यावरून. पंचांच्या निवडणुकीत कुणी कुणाला पाडलं त्यावरून. तारखा पडताहेत, वकिलाची फी जाते आहे, मूळ भांडण करणारे दोघं कबरीत आहेत आणि नातवंडं दावा चालवताहेत. प्रभूनं सांगितलंय, वेदीवर दान ठेवताना भावाचं काही आठवलं तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. दानाची पाकिटं मात्र आपल्याकडं वेळेवर येतात.

आणि चौथी गोष्ट, जी बोलायला तुम्हांला लाज वाटते. नको त्या माणसावर देवानं दया केली की तुमच्या पोटात दुखतं. योनाची गोष्ट तुम्ही माशापर्यंत ऐकता आणि उठून जाता. खरी गोष्ट माशानंतर आहे. चाळीस दिवसांत निनवे बुडणार म्हणून योना सांगून आला, निनवेनं गोणपाट नेसलं, तिथला राजा राखेत बसला, देवानं शहर सोडलं आणि हा संदेष्टा रागानं गावाबाहेर जाऊन बसला. मला मरणच दे म्हणाला. एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं वाचली याचं याला दुःख! दारू सोडून परत आलेला माणूस मागच्या बाकावर बसला की तुमच्यात कुजबूज सुरू होते, बघू किती दिवस टिकतो. नवऱ्यानं टाकलेली बाई मंडळीत आली की बायका पदर सावरून सरकतात. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं, तिथंच समाजानं वाळीत टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो भुकेल्या मुली त्या घेऊन आल्या. जात विचारली नाही, चारित्र्याचा दाखला मागितला नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. यंदाचा ईस्टर नेमका त्याच तारखेला आहे. त्या दिवशी रमाबाईंचं नाव घेऊन गहिवरण्याआधी स्वतःला विचारा, कृपासदनातली एखादी बाई आपल्या शेजारी बसली असती तर मी सरकले असते का.

आपण कोण होतो तेही विसरू नका. १८५२ साली मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आले, १८९४ साली डॉक्टर वॉन्लेसनी मिरजेत दवाखाना उघडला. आपल्या आज्या-पणज्यांतल्या कितीजणांना गावच्या आडावर पाणी मिळत नव्हतं, तेव्हा त्यांना कुणीतरी आत घेतलं. लायकी बघून नाही घेतलं. आज त्यांची पतवंडं उसाच्या फडाकडच्या खोपीतल्या पोराला चर्चच्या नळावर पाणी पिऊ देत नाहीत, कारण फरशी घाण होते.

आणखी एक लेंथ आठवा. १९८१ साली भस्म बुधवार ४ मार्चला होता आणि ईस्टर १९ एप्रिलला. १४ मार्चला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी निपाणीत हमरस्ता रोखला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी मेले. अख्खं आंदोलन लेंथकाळात झालं. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या चाळीस दिवसांतल्या प्रार्थनांत या माणसांसाठी कोण काय बोललं होतं, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. लेंथ यरुशलेमेत येत नाही, तो याच धुळीत येतो.

आता तुमच्या शंका. आधीच सांगते, त्या मला पाठ आहेत.

बाई, दया केली की लोक डोक्यावर बसतात. बसतात. गोष्टीतल्या राजाच्याही बसला की! पण नीट बघा, राजानं आधी हिशेब काढला. आकडा मोठ्यानं वाचला गेला. मग सोडलं. दया म्हणजे हिशेबच न बघणं नव्हे. अन्यायाला अन्याय म्हणा, पैसे बुडवले तर बुडवले म्हणा, चोराला चोर म्हणा. त्यानंतर जे सोडता त्याला दया म्हणतात. भीतीपोटी किंवा आळसापोटी जे सोडता ती नुसती पळपुटेपणाची गोष्ट.

आणि हे बायकांनी नीट ऐकावं. दयेचं हे प्रवचन मी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला देत नाही. लेंथ आहे, क्षमा कर आणि परत नांदायला जा, असं तिला सांगणारे पंच मी पाहिलेत. सत्तर वेळा सातचा आकडा त्यांना नेमका तेव्हाच आठवतो. माफ करणं तिच्या मनाचा प्रश्न आहे, त्याला वेळ लागेल तेवढा लागू दे. मार थांबवणं हा मंडळीचा आणि पोलिसांचा प्रश्न आहे, त्याला वेळ लागता कामा नये. ज्याच्या हातात नरडी आहे त्यानंच सोडायची असते. जिची नरडी धरलीय तिच्याकडं दया मागायला जाऊ नका.

बाई, आम्ही फार पापी, आमच्यानं हे होणार नाही. हा नम्रपणा मला दाखवू नका. त्याच्या आड आळस बसलेला असतो. तुमचं पाप ३,००० कोटींचं असलं तरी ते रद्द झालंय, हेच तर शुभवर्तमान. तुम्ही फेडावं अशी कुणाची अपेक्षाच नाही. ५० हजारांचं तेवढं बघा. तेही जमणार नसेल तर २० रुपयांपासून सुरू करा.

आता गृहपाठ. बुधवारपर्यंत मधे दोन दिवस आहेत.

ज्याच्याकडं कुणा बाईची हजेरी राहिली असेल त्यानं उद्या सकाळी ती तिच्या घरी नेऊन द्यायची. तिला बोलावून घ्यायचं नाही, आपण जायचं. जकातदार जक्कय झाडावरून उतरला तेव्हा चौपट परत करतो म्हणाला. तुम्ही निदान जेवढ्यास तेवढं द्या.

ज्यानं हक्कसोड करून घेतलीय त्यानं बहिणीला फोन करायचा आणि तोंडानं म्हणायचं, तुझा हिस्सा माझ्याकडं आहे, बोल काय करू या. 'तुला काही हवं का' असं विचारायचं नाही. ती नको म्हणेल आणि तुम्ही सुटाल. हिस्सा तिचा आहे, हे तुमच्या तोंडून निघालं पाहिजे.

ज्याचा भावाशी अबोला आहे त्यानं मंगळवारी त्याच्या दारात जायचं. चहा मिळेल असं नाही. दार लावून घेतील, शिव्या देतील. चालेल. बांध कुणाचा हे कोर्ट ठरवेल तेव्हा ठरवेल, बोलायला कोर्टाची परवानगी लागत नाही.

यातलं ज्याला काही जमलं नाही त्यानंही बुधवारी यावं. कपाळाला राख लावणाऱ्यांनी लावून घ्यावी, न लावणाऱ्यांनी नुसतं डोकं टेकावं. पण देवाला तेव्हा सरळ सांगावं, बहिणीचं नाव अजून उताऱ्यावर चढवलेलं नाही, तिची एवढे गुंठे जमीन माझ्याकडं आहे. आकडा बोलावा. मोघम पाप कबूल करणं फार सोपं असतं, सर्वे नंबरासकट कबूल करणं अवघड.

मटणाचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मला रस नाही. पुढच्या रविवारी मात्र मी वही घेऊन इथंच उभी असणार आणि एकेकाला नाव घेऊन विचारणार.